गावच्या वाचनालयात एक टेबल हवं आहे

प्रति,
माननीय मंत्री,
उच्च व तंत्रशिक्षण विभाग, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

महोदय,


मी पुण्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक शाखेच्या तिसऱ्या वर्षाला शिकते. घर सांगली जिल्ह्यात, आटपाडी तालुक्यात. आम्ही गावठाणात नाही, मळ्यात राहतो; डाळिंबाची बाग आहे. जुलै २०२४मध्ये आपल्या विभागानं आर्थिक दुर्बल आणि मागास प्रवर्गांतल्या, आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ केलं. त्याआधी निम्मं माफ होतं. उरलेलं निम्मं भरण्यासाठी बागेतला माल कधी उतरतोय याची वाट बघणारी घरं मी जवळून ओळखते, त्यांतलं एक आमचं. त्या निर्णयाबद्दल आपले मनापासून आभार मानते आणि त्याच विश्वासानं पुढचं लिहिते.

मुलगी वर्गापर्यंत पोचली. आता अभ्यासक्रमच तिला सांगतो की वर्गाबाहेर जा, कंपनीत काम कर, शिक. हे योग्यच आहे. पण कंपनी म्हणते घरून काम कर, कॉलेज म्हणतं चालेल, आणि मग ती मुलगी जिथून निघाली होती त्याच घरात लॅपटॉप घेऊन परत येते. तिनं तिथं बसायचं कुठं, हे मी वाचलेल्या एकाही परिपत्रकात नाही. बसता येईल अशी जागा राज्यभर आहे आणि ती आपल्याच विभागाच्या अखत्यारीत आहे. तिच्याबद्दल सांगण्याआधी घरून इंटर्नशिप करताना माझा दिवस कसा जातो ते मांडते. माझ्या वर्गातल्या बऱ्याच जणांचा दिवस थोड्याफार फरकानं असाच आहे.

नियम आपल्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत, म्हणून थोडक्यात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आल्यापासून इंटर्नशिप हा हौसेचा विषय उरलेला नाही. अभियांत्रिकीसाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या इंटर्नशिप धोरणात संपूर्ण पदवीकाळात मिळून ६०० ते ७०० तास सांगितले आहेत. माझी मैत्रीण एम. कॉम.ला आहे, तिच्या पहिल्याच वर्षात चार क्रेडिटचं ओजेटी, म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग, आहे, म्हणजे १२० तास. बी. ए., बी. एस्सी.च्या मुलामुलींनाही ओजेटी किंवा फील्ड प्रोजेक्ट आहेच. एवढ्या सगळ्यांना प्रत्यक्ष बसवून घेतील इतक्या कंपन्या आणि कार्यालयं तालुक्याच्या गावी नाहीत. २०२०च्या टाळेबंदीत घरून इंटर्नशिप करायची जी वाट निघाली, ती म्हणूनच टाळेबंदी उठल्यावरही चालू राहिली. आता तीच आमच्यातल्या अनेकांची मुख्य वाट आहे.

माझी कंपनी पुण्यातली. मालवाहतूक करणाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर बनवते. मी पुण्यातच राहून हे काम का केलं नाही, असं कोणी विचारेल. सुट्टीत हॉस्टेल रिकामं करावं लागतं. बाहेर कॉट बेसिसवर राहायचं तर भाडं, डिपॉझिट आणि मेस, आणि इंटर्नशिपला स्टायपेंड नाही. घरून फुकट काम करता येत असताना पुण्यात पैसे भरून फुकट काम करायला घरचे कसे तयार होतील? मलाही ते पटलं नसतं.

तर माझा दिवस. तो सुरू होतो रात्री बारानंतर. फोनच्या रिचार्जमधला रोजचा डेटा मध्यरात्री नव्यानं मिळतो आणि त्या वेळी टॉवरवर गर्दी नसते. कामासाठी लागणाऱ्या फाइली शेकडो एमबीच्या असतात, प्रोग्रॅम चालवायला लागणाऱ्या डॉकर इमेज त्याहून मोठ्या. दिवसा त्या उतरवायला घेतल्या तर दुपारपर्यंत डेटा संपतो आणि संध्याकाळच्या मीटिंगला काही उरत नाही. म्हणून रात्री फोन खिडकीच्या गजाला अडकवून हॉटस्पॉट चालू करायचा, डाउनलोड लावायचं आणि मध्ये तुटलं तर उठून पुन्हा लावायचं. आमच्या घरात नेटवर्क त्या एकाच खिडकीत येतं.

पहाटे साडेपाचला उठते. गोठ्यातलं शेण, दूध, पाणी भरणं, सगळ्यांच्या भाकरी. आई सातला बागेत जाते. ही कामं मला नवी नाहीत आणि त्यांची तक्रारही नाही. आईच्या वाटचं काम मी सुट्टीत घेतलं नाही तर कधी घेणार? सात ते साडेनऊ हा माझा सगळ्यात चांगला वेळ. घर शांत असतं, पत्रा तापलेला नसतो, डोकं ताजं असतं. दिवसभरात जे काही नीट लिहून होतं त्यातलं बहुतेक याच वेळात होतं. पण कंपनीच्या हिशेबात हा वेळ धरलाच जात नाही, कारण कामाची वेळ दहाला सुरू होते.

दहाला स्टँडअप. काल काय केलं, आज काय करणार, कुठं अडलं, एवढं प्रत्येकानं दोन मिनिटांत सांगायचं. कॅमेरा चालू ठेवायचा असतो. टीममध्ये सगळे चांगले आहेत, माझ्यामागे पत्र्याची भिंत आणि खताची पोती दिसतात म्हणून कुणी कधी काही बोललं नाही. तरी पहिल्या आठवड्यात मी भिंतीवर चादर लावली. दोन मिनिटांचं बोलणं नेटवर्कमुळे अडकत अडकत व्हायला लागलं की समोरची माणसं समजूतदारपणे म्हणतात, चॅटवर लिही. मग मी लिहिते. लिहून कळवता येतं, पण टीममध्ये मी बोलणारी राहत नाही, लिहून कळवणारी होते, आणि इंटर्नकडून कंपनीला जे बघायचं असतं त्यात बोलणं फार महत्त्वाचं असतं.

अकरानंतर ऊन चढतं. आटपाडीचा मे महिना आपण दौऱ्यावर अनुभवला असेल. पत्र्याखाली दुपारी पंखाही गरम हवाच फेकतो. लॅपटॉप तापला की आपोआप मंदावतो, त्यात आठ जीबी रॅम, म्हणजे प्रोग्रॅमची एखादी टेस्ट चालवून तिचा निकाल येईपर्यंत माणसानं बसून राहायचं. लाइट हा तर वेगळाच विषय. गावठाणाची वाहिनी वेगळी आणि शेतीची वेगळी. मळ्यातल्या घरांना शेतीच्या वाहिनीवरून लाइट मिळते. थ्री फेज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. एरवी सिंगल फेज असते, पण व्होल्टेज इतकं कमी की चार्जर धरतो आणि सोडतो. टेंभू सिंचन योजनेचं पाणी आल्यापासून आमच्या भागात बागा वाढल्या, मोटारी वाढल्या, त्याचा आम्हाला आनंदच आहे. विजेवरचा भार मात्र त्याबरोबर वाढला. लाइट बराच वेळ गेली की टॉवरची बॅटरीही उतरते आणि खिडकीतलं नेटवर्कही जातं. पुण्यातल्या माझ्या मार्गदर्शकाच्या पडद्यावर तेव्हा माझ्या नावापुढचा हिरवा ठिपका विझतो. त्या विझलेल्या ठिपक्यामागची वीज, टॉवर आणि पत्रा त्यांना दिसणं शक्य नाही. मी काम सोडून उठले, एवढंच दिसतं.

आता घरातल्या माणसांबद्दल. हे लिहिताना मला जपून लिहायचं आहे, कारण माझ्या घरच्यांनी मला शिकवलं. पण खरं तेच सांगते. माझा दादा कुपवाडच्या एमआयडीसीत कामाला आहे. तो पाळीला गेला की त्याला कुणी फोनसुद्धा करत नाही. कारखान्याला गेट आहे, भोंगा आहे, आत गेलेला माणूस कामावर असतो. मी मात्र खिडकीपाशी बसलेली असते. आज्जीला वाटतं पोरगी सकाळपासून मोबाइल आणि लॅपटॉप बघतेय. पाहुणे आले की चहा मी ठेवायचा, कारण मी घरीच आहे. गॅसचा सिलिंडर आला, दूधवाल्याचा हिशेब करायचा आहे, चुलत्यांच्या नातवाला दोन तास सांभाळायचं आहे, कारण मी घरीच आहे. यातलं कुणीही वाईट हेतूनं वागत नाही. त्यांनी आजवर पाहिलेलं काम बघून ओळखता येतं. बागेतलं काम दिसतं, कारखान्यातलं दिसतं. बसून पडद्याकडे बघणाऱ्या मुलीचं काम त्यांना कुणी दाखवलेलंच नाही.

हे फक्त मुलींच्या वाट्याला येतं असं मी म्हणणार नाही. माझ्या वर्गातल्या मुलांनाही सुट्टीत ट्रॅक्टरवर आणि दुकानावर बसावं लागतं. पण मुलाला एकदा ऑनलाइन काम आहे म्हणून सांगितलं की तो माडीवर जाऊन दार लावू शकतो. मुलीनं दार लावलं की आत काय चाललंय हे विचारायला घरातलं कुणी ना कुणी दार वाजवतं.

आणि हे फक्त खेड्यातलंही नाही. वर्गातला एक मित्र घाटकोपरला डोंगरावरच्या वस्तीत राहतो. एका खोलीत पाच माणसं, त्यांतले वडील रात्रपाळी करून सकाळी झोपायला येतात. तो दहाचा स्टँडअप जिन्यात बसून करतो. त्याच्याकडे नेटवर्क भरपूर आहे, वीज आहे. त्याला नाही ती फक्त बसायची जागा.

कुणाला वाटेल, काम होतंय ना, अडचणी सगळ्यांनाच असतात. म्हणून त्या दिवसांतली सगळ्यात चांगली गोष्टही सांगते. एका टेस्टमध्ये मी अडकले होते. चुकांची लांबच लांब यादी येत होती आणि मी वरून एकेक ओळ सोडवत बसले होते. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी कॉल केला आणि स्वतःचा पडदा दाखवला. त्यांनी ती यादी थेट खालच्या टोकापासून वाचायला घेतली. आपल्या प्रोग्रॅमची पहिली ओळ कुठं दिसते ते शोधलं, मधलं सगळं सोडून दिलं आणि त्या फाइलमध्ये गेल्या. बोलत बोलत करत होत्या, म्हणजे त्या विचार कसा करतात ते मला ऐकू येत होतं. कुठल्या ओळीवर त्या थांबतात, कुठली नुसती नजरेखालून घालतात, संशय आल्यावर आधी काय तपासतात. हे पुस्तकात सापडत नाही आणि साठ जणांच्या वर्गात शिकवणं कोणत्याही सरांना शक्य नाही. इंटर्नशिप ज्यासाठी करायची ते हेच. आणि अगदी त्याच वेळी कॉल तुटला. नेटवर्क परत आलं तेव्हा त्या दुसऱ्या मीटिंगमध्ये होत्या. त्यांनी उत्तर चॅटवर लिहून ठेवलं होतं. उत्तर मिळालं, पण त्या तिथवर कशा पोचल्या ते निम्मं बघायचं राहून गेलं.

ऑफिसात शेजारी बसलेली मुलगी हे दिवसातून अनेकदा आपोआप शिकते. कुणी वैतागलं, कुणी हसलं, कुणी फोनवर ग्राहकाला समजावलं, ते सगळं तिच्या कानावर पडतं. घरून काम करणाऱ्याला प्रत्येक शंका विचारण्याआधी ती नीट लिहावी लागते आणि समोरच्याला वेळ आहे का ते बघावं लागतं. मग छोट्या शंका विचारल्याच जात नाहीत. ही उणीव जागा मिळाली म्हणून पूर्ण भरून निघणार नाही, हे मला कळतं. पण कॉल तुटणार नाही अशी जागा असेल तर निदान विचारायचं धाडस टिकतं.

यावर उपाय म्हणून मी आटपाडीच्या एका अभ्यासिकेत जागा घेतली. एसटीत महिलांना निम्मं तिकीट असल्यानं जाणं-येणं परवडलं. स्पर्धा परीक्षांच्या मुलांमुळे आता प्रत्येक तालुक्याला अशा अभ्यासिका झाल्या आहेत. महिन्याची फी, आपली खुर्ची, इन्व्हर्टर, वायफाय. अभ्यासिकेत पहिल्या दिवशी माझं जेवढं काम झालं तेवढं घरी कधीच झालं नव्हतं. पण तिथं बोलायला मनाई. ते बरोबरच आहे, शेजारी मुलं राज्यसेवेचा अभ्यास करत असतात. त्यामुळे प्रत्येक मीटिंगसाठी खाली रस्त्यावर यायचं, चहाच्या टपरीशेजारी उभं राहून बोलायचं. पुरुषांच्या घोळक्यात कानाला हेडफोन लावून मोठ्यानं इंग्रजी बोलणारी मुलगी तालुक्याच्या गावात लगेच चर्चेचा विषय होते. ती चर्चा घरी पोचली आणि माझं अभ्यासिकेत जाणं बंद झालं. त्यानंतर मी पुन्हा खिडकीत.

संध्याकाळी सहाला कंपनीचं काम संपतं असं म्हणायचं, पण दिवसा लाइट नसल्यामुळे राहिलेलं रात्री जेवणानंतर करते. रिव्ह्यूला दिलेल्या कामावर मॅडमचे शेरे आलेले असतात, ते दुरुस्त करायचे असतात. रात्रीच्या लाइटचा आठवडा असेल तर घरच्यांबरोबर बॅटरी घेऊन विहिरीवर जाते, मोटार चालू झाली की परत येते. आणि मग कॉलेजची वही.

या वहीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण हा विषय थेट आपल्या विभागाचा आहे. दर आठवड्याला लॉगबुक भरायचं, त्यात रोजचे तास, केलेलं काम, मार्गदर्शकाची सही. शिवाय कामाच्या ठिकाणचा जिओटॅग केलेला फोटो. माझं कामाचं ठिकाण आमच्या मळ्याच्या अक्षांश-रेखांशावर आहे. फोटोत मी, लॅपटॉप आणि ती चादर. त्यातून हजेरी सिद्ध होते, पण मी काय शिकले ते कुणाला कळत नाही. कॉलेजमधल्या आमच्या गाईड सरांकडे खूप विद्यार्थी आहेत. त्यांना सगळ्यांच्या वह्या तपासायच्या असतात, त्यामुळे ते तासांची बेरीज बघतात आणि सही करतात. त्यांच्या जागी दुसरं कुणी असतं तरी एवढ्या वेळात वेगळं काही करू शकलं नसतं. आठवड्यातून एकदा दहा मिनिटांचा फोन, काय अडलं, काय नवीन कळलं एवढं विचारणारा, मला त्या सगळ्या फोटोंपेक्षा जास्त उपयोगी पडला असता.

तासांच्या अशा बेरजेमुळे आणखी एक धंदा उभा राहिला आहे. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सतत संदेश येतात: घरबसल्या इंटर्नशिप, इतकी फी भरा, प्रमाणपत्र नक्की. दोन-चार व्हिडिओ बघायचे, एक तयार प्रोजेक्ट स्वतःच्या नावानं जमा करायचा आणि कॉलेजला चालेल असं प्रमाणपत्र घ्यायचं. ते घेणाऱ्या मुलांना मी दोष देणार नाही. ज्याच्याकडे लाइट नाही, जागा नाही आणि तास मात्र भरायचेच आहेत, त्याला ती फी हा सुटकेचा मार्ग वाटतो. पण काम न करता १२० तास कागदावर दिसू लागले की खरोखर १२० तास बसलेल्या मुलीच्या प्रमाणपत्राचीही किंमत उतरते.

पैशांचं एकदाच बोलते. राज्य सरकारच्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत शिक्षणानुसार महिन्याला ६ हजार, ८ हजार आणि १० हजार रुपये विद्यावेतन आहे, पण ज्यांचं शिक्षण चालू आहे ते त्यात बसत नाहीत. ती योजना वेगळ्या हेतूनं आहे, तिच्यात आम्हाला घाला असं मी म्हणत नाही. निदान इंटर्नशिपच्या काळातलं डेटाचं रिचार्ज आणि तालुक्याला जाण्या-येण्याचं भाडं एवढी सोय कॉलेजच्या विद्यार्थी निधीतून करायला परवानगी द्या. रक्कम लहान आहे, पण घरी ती मागताना फार संकोच होतो.

आता जागेबद्दल. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७चा आहे. त्याखाली अ, ब, क, ड वर्गांची शासनमान्य ग्रंथालयं आज अकरा हजारांच्या आसपास आहेत. ती ज्या ग्रंथालय संचालनालयाच्या अखत्यारीत येतात ते संचालनालय आपल्याच विभागाचं. म्हणजे इंटर्नशिप सक्तीची करणारा विभाग आणि गावोगावच्या वाचनालयांना अनुदान देणारा विभाग एकच आहे. हे मला आमच्या गावच्या ग्रंथपालांनी सांगितलं तेव्हा मी कितीतरी वेळ विचार करत राहिले. दोन टोकं एकाच हातात आहेत, नुसती जोडायची आहेत.

आमच्या गावचं वाचनालय ग्रामपंचायतीच्या आवारात आहे, गावठाणाच्या वाहिनीवर, म्हणजे लाइट बरी असते. सकाळी म्हातारी माणसं वर्तमानपत्रं वाचायला येतात, संध्याकाळी पुस्तकं बदलायला थोडी मुलं. मधले पाच-सहा तास खोलीला कुलूप. ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याचं भारतनेटचं काम देशभर २०११पासून चालू आहे. फायबर ग्रामपंचायतीत आली की तिथून आवारातल्या वाचनालयापर्यंत न्यायला किती वायर लागेल? मला हवं आहे ते इतकंच: त्या बंद तासांत उघडी राहणारी खोली, एक मोठं टेबल, चार खुर्च्या, प्लगचे पॉइंट, एक इन्व्हर्टर, चांगलं कनेक्शन आणि बोलता येईल असा दार लागणारा कोपरा. अभ्यासिकेनं मला शिकवलं की तो कोपरा नसेल तर बाकी सगळं असून उपयोग नाही.

मुली तिथं येतील का, हा प्रश्न रास्त आहे. आज आमच्या वाचनालयात मुली पुस्तक बदलतात आणि निघतात, बसत नाहीत. पण मी आईला विचारलं. ती म्हणाली, ग्रामपंचायतीच्या आवारात, ग्रंथपाल ताई असताना, कॉलेजचं पत्र असेल तर जा की. कॉलेजचं पत्र हा तिच्या बोलण्यातला भाग मला फार मोलाचा वाटतो. आमच्या गावात शिक्का मारलेल्या कागदाला मान आहे. अमुक विद्यार्थिनी अमुक तारखेपासून सकाळी दहा ते संध्याकाळी सहा कामावर आहे, तिचं कामाचं ठिकाण अमुक वाचनालय आहे, असं प्राचार्यांच्या सहीचं पत्र पालकांच्या नावानं घरी आलं, तर आज्जीसुद्धा ते देवघरात जपून ठेवेल. मी रोज समजावून जे पटवू शकले नाही ते त्या एका कागदानं पटेल. प्रत्येक कॉलेजनं इंटर्नशिपच्या सुरुवातीला असं पत्र मराठीत पाठवावं, हे आपण सक्तीचं करावं. त्याला खर्च टपालाचा.

केरळ सरकारनं २०२२च्या अर्थसंकल्पात ‘वर्क निअर होम’ नावाची योजना मांडली. घराजवळच, पण घराबाहेर, काम करायला जागा उभी करायची, अशी ती कल्पना. तिथं त्यासाठी नव्या जागा उभारल्या जात आहेत. आपल्याकडे जागा आधीच आहेत आणि त्यांना ग्रंथपाल आहेत, कार्यकारी मंडळं आहेत, वर्गवारी आहे, दर जिल्ह्याला ग्रंथालय अधिकारी आहेत. कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान ग्रंथालयांना पुस्तकांबरोबर इमारत आणि फर्निचरसाठीही साहाय्य देतं. तेव्हा पहिल्या टेबलासाठी नवीन योजना काढण्याचीही गरज नाही. आपण फक्त ग्रंथालयांना कळवावं की विद्यार्थ्यांना कामाला बसू देणं हे ग्रंथालयाचंच काम मानलं जाईल आणि तपासणीत त्याची नोंद होईल. ग्रंथपालांना त्या जादा तासांचं मानधन मात्र द्यावं लागेल. त्यांचं वेतन आधीच फार तुटपुंजं आहे आणि त्यांच्या फुकट श्रमांवर आमच्या फुकट इंटर्नशिपची सोय व्हावी, असं मला वाटत नाही.

वाचनालयात कामाचं साहित्य आलं की पुस्तकं मागे पडतील अशी भीती काही जुन्या वाचकांनी माझ्याकडे बोलून दाखवली. मला उलटं वाटतं. दिवसाचे सहा तास चार मुलं-मुली तिथं बसू लागली, तर दुपारच्या सुट्टीत ती पुस्तकांच्या कपाटाकडे जातील. मी नक्की जाईन. व्यंकटेश माडगूळकर आमच्याच तालुक्याचे, आणि त्यांची पुस्तकं पुण्याच्या हॉस्टेलमध्ये वाचण्याऐवजी मला ती इथं, माणदेशात बसून वाचायची आहेत.

हे सगळं राज्यभर एकदम करा असा माझा आग्रह नाही. एका जिल्ह्यापासून सुरू करा. माझा आग्रह विचाराल तर सांगलीपासून, आणि त्यातही आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या तालुक्यांपासून, कारण शहराच्या कंपन्या इथून सगळ्यात लांब. पहिल्या वर्षी अ आणि ब वर्गाच्या ग्रंथालयांत सुरू झालं तरी तालुक्याची गावं त्यात येतील.

मी आमच्या वाचनालयाच्या अध्यक्षांना आणि ग्रंथपालांना भेटले आहे. खोली आहे, दुपारी उघडायची तयारी आहे. त्यांची अडचण एवढीच की अनुदानित ग्रंथालयाची जागा या कामाला वापरली तर तपासणीत आक्षेप येईल का, हे त्यांना कुणी लेखी सांगितलेलं नाही. जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना संचालनालयाकडून तसं एका पानाचं पत्र गेलं की आमच्या गावात काम सुरू होऊ शकतं. टेबल काही जण देणार आहेत, तसा शब्द मी त्यांच्याकडून घेतला आहे. इंटर्नशिप करणारी पुढची तुकडी मे महिन्यात घरी येईल. ते पत्र एप्रिलअखेर निघावं, एवढी विनंती.

आपली नम्र,
संगणक अभियांत्रिकी, तृतीय वर्षाची एक विद्यार्थिनी
तालुका आटपाडी, जिल्हा सांगली